पिशवी काढली, नळी राहिली: पित्तनलिकेतल्या खड्याचं काय करायचं

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की थिएटरबाहेर नातेवाइकांच्या हातात प्लास्टिकची एक छोटी बाटली येते. आत हिरवट-पिवळे खडे. काही तुरीच्या दाण्याएवढे, एखादा करवंदाएवढा. बाटली घरी जाते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जाते आणि विषय संपला असं सगळे धरून चालतात. बहुतेकांचा तो खरंच संपतो. पण पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. ती काढली तरी यकृतापासून लहान आतड्यापर्यंत पित्त वाहून नेणारी नळी जागेवरच असते. त्या नळीत एखादा खडा मागे राहिलेला असू शकतो किंवा काही वर्षांनी नवा तयार होऊ शकतो.

आपल्याकडे त्यात भाषेचा एक घोळ आहे. आंबट ढेकर, छातीत जळजळ, उन्हातून आल्यावरची डोकेदुखी, सगळ्याला आपण ‘पित्त’च म्हणतो. त्यामुळे ज्याची खरी पित्ताची नळी तुंबली आहे, तो माणूसही दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, पित्त झालंय’ एवढंच सांगतो आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन घरी येतो. यात महिने जातात. म्हणून पित्ताशय काढलेल्याने कुठल्याही डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हे बोलायचं: ‘माझं पित्ताशय अमुक साली काढलंय, आणि हे दुखणं जळजळीचं नाही, कळ येते.’ एवढ्यावर तपासणीची दिशा बदलते.

खडा येतो कुठून

ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत नळीत खडा सापडला, तर तो मागे राहिलेला मानतात. पित्ताशयात खडे असलेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते अठरा जणांच्या नळीतही ऑपरेशनच्या वेळी खडा असतो. दोन-तीन मिलिमीटरचा खडा सोनोग्राफीत सहज निसटतो. पिशवी हाताळताना तो नळीत घरंगळूही शकतो. हा खडा पित्ताशयातल्या खड्यांसारखाच, बहुधा कोलेस्टेरॉलचा, टणक.

दोन वर्षांनंतरचा खडा सहसा नळीतच जन्मलेला असतो आणि त्याची जात वेगळी: तपकिरी, मऊ, चिमटीत धरला तर मातीसारखा चुरगळणारा. पित्ताचा प्रवाह मंदावला, त्यात जंतू शिरले, की असे खडे बनतात. नळी फुगलेली असणं, तिचं आतड्याकडचं तोंड अरुंद होणं, त्या तोंडाशेजारी आतड्याला फुगवटा असणं, ही नेहमीची कारणं. कधी ऑपरेशनमध्ये लावलेली धातूची बारीक क्लिप काही वर्षांनी सरकून नळीत येते आणि तिच्याभोवती खडा धरतो. विसरून राहिलेल्या स्टेंटभोवतीही, म्हणजे नळी वाहती ठेवायला आत घातलेल्या बारीक पुंगळीभोवतीही, तेच होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरी शक्यता कमी बोलली जाते. पित्ताशयाला जबर सूज असेल आणि नळीला इजा होण्याची भीती असेल, तर सर्जन पिशवीचा थोडा भाग मुद्दाम ठेवतात. तो निर्णय बहुधा शहाणपणाचाच असतो, कारण मुख्य नळी कापली जाणं हे खड्यापेक्षा कितीतरी वाईट. पण त्या उरलेल्या तुकड्यात किंवा लांब राहिलेल्या देठात पुन्हा खडे होऊ शकतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सबटोटल’ किंवा ‘पार्शियल कोलेसिस्टेक्टॉमी’ असे शब्द असतील, तर ही शक्यता लक्षात ठेवा.

म्हणून आज दुखत नसलं तरी एक काम करून ठेवा. जुनं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, आधीची सोनोग्राफी आणि काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट शोधा, फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कागद सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे नक्कल मागा. वर्षं जास्त उलटली की तिथलीही जुनी फाईल मिळणं अवघड होतं.

ही कळ कशी असते

बेंबीच्या वर, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. पंधरा-वीस मिनिटांत कळ चढते आणि मग अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत त्याच जोरात टिकते. मुरड्यासारखी येते-जाते असं नाही. उजव्या फऱ्यात किंवा पाठीत उमटते, सोबत मळमळ किंवा उलटी. कूस बदलून, पोट दाबून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन आराम पडत नाही. जळजळीचं दुखणं अँटासिडने थोडंफार निवतं. ही कळ अँटासिडला दाद देत नाही. बरेचदा ती जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा रात्री उठते. रविवारी सकाळी तर्रीदार मिसळ खाल्ली आणि दुपारी कळ आली, तर दोष मिसळीला दिला जातो. मिसळीने फार तर कळ उठवली असेल. खडा आधीच तिथे होता.

खड्याने नळी अडली की पुढची लक्षणं एका ठरावीक क्रमाने येतात. आधी लघवी गडद होते, काळ्या चहासारखी. शौचाचा रंग उडतो, शाडूच्या मातीसारखा फिकट होतो. मग डोळे पिवळे दिसतात, आणि अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना, रात्री जास्त खाज सुटते. डोळे पाहायचे ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, खालची पापणी ओढून. पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसत नाही.

याच जागी दुखणारी इतर कारणंही आहेत, आणि त्यातलं एक जीवघेणं. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असलेल्या माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात अचानक दुखलं, घाम फुटला, तर सोनोग्राफीआधी ईसीजी. हृदयविकाराचा झटका पोटदुखीचं सोंग घेऊन येतो. आणि न दुखता हळूहळू वाढणारी कावीळ, सोबत उतरणारं वजन, हे खड्याचं चित्र नाही. तिथे नळीची किंवा स्वादुपिंडाची गाठ आधी नाकारावी लागते.

कळ उठली की पहिले काही तास

खाणं बंद. पाण्याचे घोट चालतील, उलट्या होत असतील तर तेही नको. कळ किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, कारण रक्ताचे रिपोर्ट वाचताना ही वेळ लागते. ताप थर्मामीटरने मोजा. हात लावून ‘अंग कोमट आहे’ म्हणणं उपयोगाचं नाही. घरातल्या कपाटातली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्याने घेऊ नये. पोटदुखीचं इंजेक्शन घेतलं आणि कळ थांबली, तरी तपासणी त्याच दिवशी करायची.

पुढचं मात्र सकाळपर्यंत थांबवायचं नाही. कळ, कावीळ आणि थंडी वाजून ताप हे तिन्ही एकत्र आले, तर अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून चालायचं. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये मांडलेली ही त्रयी आजही शिकवली जाते. तिन्ही असायलाच हवीत असं मात्र नाही. त्यावर बडबड, गुंगी किंवा रक्तदाब घसरणं आलं, की वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाण्याची वाट न पाहता निघायचं. सत्तरीपुढच्या माणसात कळ नसेलच कदाचित. नुसतं ‘आजी आज उठल्या नाहीत, जेवल्या नाहीत, थरथरतायत’ एवढंच दिसतं. पित्ताशय काढलेल्या आजींच्या बाबतीत एवढंही पुरेसं आहे.

जायचं कुठे, हा नाशिक जिल्ह्यात खरा प्रश्न आहे. नळीतला खडा दुर्बिणीने काढण्याची सोय, म्हणजे ईआरसीपी, प्रत्येक रुग्णालयात नसते, आणि जिथे यंत्र असतं तिथेही ते करणारा गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट रोज असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: ईआरसीपी इथेच होते का, ती करणारे डॉक्टर आज-उद्या आहेत का, आयसीयूत खाट आहे का. पण पेशंट सुरगाण्याचा किंवा पेठचा असेल आणि ताप-कावीळ-गुंगी असेल, तर या चौकशीत तास घालवू नका. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू करून घ्या, आणि मग १०८ ने नाशिकला या. सावळघाट ओलांडून येण्यातले दोन तास औषध अंगात असताना गेलेले बरे. हेच मुंबईला नेण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांसाठी: रक्तदाब पडलेला पेशंट तसाच गाडीत घालून कसारा घाट उतरवायचा नसतो. आधी स्थिर करायचं, मग न्यायचं.

रुग्णालयात क्रम असा अपेक्षित आहे: कल्चरसाठी, म्हणजे जंतू ओळखण्यासाठी, रक्त काढणं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन, आणि मग नळीतलं पित्त मोकळं करण्याची तयारी. संसर्गाने रक्तदाब पडला असेल तर निचरा शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत. मध्यम तीव्रतेचा संसर्ग असेल तर दोन-तीन दिवसांत. नुसत्या अँटिबायोटिकवर आठवडा काढणं हा उपचार नव्हे. तुंबलेल्या गटारात फिनेल ओतण्यासारखं आहे ते.

रक्ताचे रिपोर्ट: कधी काढायचे, कसे वाचायचे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, कळ आल्यापासून चोवीस तासांच्या आत व्हायला हवी. कळ थांबून पंधरा दिवसांनी केलेली एलएफटी बरेचदा नॉर्मल येते आणि मग सगळेच निर्धास्त होतात. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि अमायलेज-लायपेज (स्वादुपिंडासाठी). शेवटच्या दोन अशासाठी की खडा नळीच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. लायपेज नॉर्मलच्या तिप्पट किंवा जास्त आणि सोबत तशी पोटदुखी असेल तर ती सूज आली असं मानतात.

समजा मंगळवारी पहाटे कळ आली आणि दुपारच्या रिपोर्टवर असं दिसलं: टोटल बिलिरुबिन ४.६, त्यात डायरेक्ट ३.५, एसजीओटी ४१०, एसजीपीटी ३८०, अल्कलाइन फॉस्फेटेज २४०, जीजीटी ५२०. बिलिरुबिन म्हणजे काविळीचा पिवळा रंग, त्यातलं डायरेक्ट म्हणजे यकृतातून पुढे पित्तात जाणारं; एसजीओटी-एसजीपीटी यकृताच्या पेशी दुखावल्या की वाढतात, शेवटचे दोन पित्ताची वाट अडली की. एसजीओटी-एसजीपीटी पाहून घरचे म्हणतात, ‘लिव्हरला सूज आहे, कावीळ झाली, पथ्य करा.’ पण नळी अचानक अडली की पहिल्या दिवशी हेच दोन आकडे आधी उसळतात, कधी हजारापर्यंतही जातात. अल्कलाइन फॉस्फेटेज मागाहून चढतं. इथे तीन गोष्टी खड्याकडे बोट दाखवतात: कळ उठून काही तासांतच आलेली वाढ, बिलिरुबिनमधला मोठा वाटा डायरेक्टचा असणं, आणि जीजीटी.

आता शुक्रवारी पुन्हा तपासणी केली: बिलिरुबिन १.९, एसजीओटी ७०, एसजीपीटी १५०. आकडे दोन-तीन दिवसांत असे कोसळले, तर ते पथ्याने उतरलेले नाहीत. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत एसजीपीटी इतक्या लवकर उतरत नाही, आणि तिथे आधी चार दिवस ताप, अन्नावरची वासना जाणं, थकवा असा पूर्वरंग असतो. इथे खडा एक तर आतड्यात निसटला, किंवा नळीतच मागे सरकून तरंगतोय आणि पुन्हा बूच बसवणार आहे. दोन्हींत फरक रक्तावरून कळत नाही. आकडे उतरले म्हणून पुढची तपासणी रद्द करायची नाही.

अजून एक: खड्यामुळे बिलिरुबिन सहसा १५ च्या वर जात नाही. वीस-पंचवीसपर्यंत चढलं असेल तर खड्यावर समाधान न मानता दुसरं कारणही शोधायला सांगा.

सोनोग्राफी, एमआरसीपी आणि बाकीचं

सोनोग्राफी पहिली, सहा तास उपाशीपोटी. ती नळी किती रुंद आहे हे बरं सांगते, खडा आहे की नाही हे मात्र बेताचं सांगते, कारण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड लपतं. रिपोर्टवर शेवटी असं वाक्य सापडेल (सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनळी): ‘सीबीडी ११ मिमी, डिस्टल एंड ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस.’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा होत नाही. ‘जिथे खडा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेवढाच भाग दिसला नाही’ असा होतो. खाली ‘नो कॅल्क्युलस सीन’, म्हणजे ‘खडा दिसला नाही’, लिहिलेलं असलं तरी.

रुंदीचं माप: पित्ताशय असलेल्या माणसात नळी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. पित्ताशय काढल्यावर ती थोडी फुगते आणि वयानेही रुंदावते; त्रास नसेल आणि रक्त नॉर्मल असेल तर १० मिलिमीटरपर्यंतची नळी पाहून घाबरायचं कारण नाही. जुना रिपोर्ट असेल तर तुलना करा. सात वर्षं ८ असलेली नळी आता १३ झाली, ही बातमी आहे.

पुढचा टप्पा कोणता, यासाठी अमेरिकेतल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना हाताशी बऱ्या पडतात. सोनोग्राफीत नळीत खडा दिसलाच, किंवा नळीत जंतुसंसर्ग झाला, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि पित्ताशय काढलेल्या माणसाची नळी ८ मिलिमीटरहून रुंद, यातलं एक असेल तर थेट ईआरसीपी. नुसती एलएफटी बिघडलेली, नुसती नळी रुंद, किंवा वय ५५ च्या वर, असं असेल तर आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी. हा मधला टप्पा गाळून ‘एकदा घालून बघू’ म्हणून ईआरसीपी करून घेऊ नये. का, ते पुढे.

एमआरसीपी म्हणजे एमआरआयच्याच यंत्रात काढलेले पित्तनलिकेचे फोटो. चार ते सहा तास उपाशी राहायचं, वीस-तीस मिनिटं निपचित पडायचं, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधल्या टायटॅनियमच्या क्लिपांची अडचण नसते, पण पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा कानातलं रोपण असेल तर आधी सांगायलाच हवं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा एमआरसीपीत सुटू शकतो. तिथे एंडोस्कोपिक सोनोग्राफी सरस: तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवलेली असते, त्यामुळे नळी अगदी जवळून दिसते. खडा दिसला तर त्याच गुंगीत ईआरसीपी उरकता येते. साध्या सीटी स्कॅनवर कोलेस्टेरॉलचे खडे बरेचदा दिसतच नाहीत, कारण त्यांची घनता पित्ताइतकीच असते.

ईआरसीपी: आधी, होताना, नंतर

पित्तनळीचं तोंड दुर्बिणीतून कापून खडे काढण्याची पद्धत १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीतून पुढे आली. त्याआधी पोट उघडण्याशिवाय मार्ग नव्हता. आज नळीतले बहुतेक खडे असेच निघतात.

आधीची तयारी. जेवण सहा ते आठ तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, तेही भूलतज्ज्ञाने चालेल म्हटलं तर. आयएनआर १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्यात. काविळीत आयएनआर वाढलेला असला तर व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन देतात. ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस, वॉर्फरिन पाच दिवस आधी थांबवावं लागतं. पण हृदयात नुकताच स्टेंट बसलेल्याने हे आपल्या मनाने करू नये, हृदयरोगतज्ज्ञाची लेखी परवानगी घ्या. ‘ग्लिफ्लोझिन’ शेपटाच्या मधुमेहाच्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, हे फॉर्म भरताना हमखास राहून जातं. गर्भ असण्याची शक्यता असेल तर बोला, कारण यात एक्स-रे वापरतात.

होताना काय होतं: पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवून गुंगी देतात. दुर्बीण तोंडावाटे जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाते. या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीवर कडेला असतं. तिथे बारीक स्तनाग्रासारखा उंचवटा दिसतो. त्यातून केसासारखी तार पित्तनळीत सरकवायची. सगळं कौशल्य इथे लागतं, कारण त्याच तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही उघडते आणि तार तिच्यात शिरली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तार जागेवर गेली की एक्स-रेत दिसणारं औषध नळीत सोडून खडे मोजतात, तोंड थोडं कापून रुंद करतात, आणि फुग्याने किंवा तारेच्या टोपलीने खडे आतड्यात ओढून आणतात. ते पुढे शौचावाटे जातात. बाटलीत घालून दाखवायला काही मिळत नाही, त्यामुळे ‘खरंच काढला का’ ही शंका घरच्यांना येते. तिचं उत्तर शेवटच्या एक्स-रेत असतं: नळी रिकामी दिसते. त्याची प्रत मागून घ्या.

दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठा, नळीत घट्ट बसलेला किंवा अरुंद भागाच्या वर असलेला खडा एका बैठकीत निघेलच असं नाही. तोंड मोठ्या फुग्याने ताणणं, खडा टोपलीत धरून फोडणं, बारीक दुर्बीण थेट नळीत घालून लेझरने तोडणं, असे पुढचे मार्ग आहेत. वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांत नेहमीची दुर्बीण तिथे पोचतच नाही; ती गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. काहींना शेवटी दुर्बिणीने किंवा पोट उघडून नळीचं ऑपरेशनच लागतं. वारंवार खडे होणाऱ्या फुगलेल्या नळीला ते जास्त टिकाऊ उत्तर असतं.

बिघडतं काय: शंभरात साधारण तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येते, एक-दोघांना कापलेल्या जागी रक्तस्राव होतो, आतड्याला छिद्र पडणं त्याहून विरळ. खडा आहे की नाही हेच माहीत नसताना ईआरसीपी करू नये, ते यासाठी. सूज टाळायला गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनचा १०० मिलिग्रॅमचा डोस देतात. ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर ‘ती सपोझिटरी देणार ना?’ असं विचारण्यात गैर काही नाही.

नंतरचे पहिले चोवीस तास: पोट थोडं फुगणं, घसा खवखवणं चालतं. चार-सहा तासांनी पाठीत जाणारी कळ वाढत चालली, पोट टणक झालं, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर चरचर लागली, की लगेच नर्सला सांगायचं. घरी गेल्यावर दोन आठवड्यांपर्यंत डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी किंवा थंडी-ताप आला तर त्याच रुग्णालयात परत. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच तसंही काळं होतं, तेवढं लक्षात घ्या.

स्टेंटची तारीख

सगळे खडे निघाले नाहीत, किंवा संसर्ग जोरात होता, तर नळीत प्लास्टिकची बारीक पुंगळी ठेवतात. बहुधा ७ ते १० फ्रेंच मापाची, म्हणजे दोन ते साडेतीन मिलिमीटर जाडीची. तिने पित्त वाहतं, कावीळ उतरते, भूक लागते आणि पेशंटला बरं वाटतं. नेमका इथेच घोटाळा. बरं वाटलं म्हणून माणूस परत जात नाही. द्राक्षांची छाटणी, मुलीचं लग्न, कांद्याचा सीझन, आणि वर्ष निघून जातं. प्लास्टिकची पुंगळी तीन महिन्यांच्या सुमारास पित्ताच्या गाळाने बुजायला लागते. मग तोच थंडी-ताप, तीच कावीळ, आणि आता पुंगळीलाच धरून बसलेला मोठा खडा, जो पहिल्या खड्यापेक्षा काढायला अवघड.

म्हणून घरी जाण्याआधी तीन प्रश्न. स्टेंट ठेवलाय का, किती? प्लास्टिकचा की धातूचा? काढायची तारीख कोणती? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने नोंदवा. कधी स्वादुपिंडाच्या नळीतही एक छोटा स्टेंट ठेवतात; तो बहुधा आपोआप पडतो, पण दोन आठवड्यांनी साधा एक्स-रे काढून तो पडला का ते बघावं लागतं. पित्तनळीतला मात्र पुन्हा दुर्बीण घालून काढावा लागतो. उरलेले खडे असतील तर त्याच वेळी निघतात.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठीच. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि ‘ईआरसीपी, स्टेंट आणि तो नंतर काढणं, तिन्ही बसतात का’ असं तुकडे पाडून विचारा, हेल्पलाइन १५५३८८. खासगी विमा असेल तर दुसऱ्या बैठकीचा खर्च वेगळी भरती धरतील का, तेही आत्ताच विचारून घ्या. कोटेशन मागताना स्टेंट काढण्याचा खर्च त्यात आहे का, हे बघा. बहुतेकांचा गैरसमज त्यावरूनच होतो.

जे करून उपयोग नाही

ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ प्रयोग मोबाईलवर फिरत असतो. दुसऱ्या दिवशी शौचात दिसणाऱ्या हिरव्या मऊ गोळ्या त्या तेलाच्याच साबणाच्या असतात. मुतखड्याची औषधंही इथे लागू नाहीत. तो खडा वेगळा, रस्ता वेगळा. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी नळीतला खडा भरवशाने विरघळत नाही.

कावीळ उतरवणाऱ्यांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणं, गळ्यात लांबत जाणारी माळ, नाकात कडू रसाचे थेंब. विषाणूची कावीळ बहुधा आपोआपच उतरते, म्हणून या उपायांना यश मिळाल्यासारखं दिसतं. खड्याची कावीळही कधी खडा सरकल्याने उतरते, आणि मग श्रद्धा पक्की होते. ज्यांचं पित्ताशय काढलेलं आहे त्यांच्याबाबतीत माळ घालायचीच असेल तर घाला, पण एलएफटी आणि सोनोग्राफी करून घेऊन मग घाला. नाकात थेंब मात्र नकोच.

पथ्याबद्दल एवढंच: खडा नळीत असेपर्यंत तळलेलं, तुपातलं जेवण कळ उठवू शकतं, ते टाळा. खडा निघून आठ-पंधरा दिवस झाले की नेहमीचं जेवण जेवा. नळीत पुन्हा खडा होणार नाही अशी हमी देणारं कुठलंही पथ्य नाही.

नंतरची नजर

ज्यांची नळी १५ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, तोंडाशेजारी आतड्याचा फुगवटा आहे, किंवा एकदा तपकिरी खडे निघालेत, त्यांना पुन्हा खडा होण्याचा धोका जास्त. त्यांनी वर्षातून एकदा एलएफटी आणि सोनोग्राफी करावी. बाकीच्यांनी लक्षण नसताना दर सहा महिन्यांनी एमआरसीपी करत बसू नये. पुन्हा कळ आली तर त्याच दिवशी रक्त द्यायचं, आणि फाईलमध्ये सगळ्यात वर हा कागद ठेवायचा: पित्ताशय काढल्याचं साल, ईआरसीपीची तारीख, नळीची रुंदी, किती खडे निघाले, आणि स्टेंट आत आहे की काढला.